दाराजवळची जागा

उपासाच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो, तसे आमच्या गुरुवारच्या मंडळात किस्से साठलेत. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण डबा पालथा केला की ताटभर निघतात. आम्ही सहा जणी, सगळ्या सुप्याच्या. बाकीची मंडळं पापड-मसाल्यात पैसे घालतात. आम्ही घातले ते अशा वस्तूत, जिचं नाव तोंडातून यायला आम्हालाच दोन गुरुवार लागले. पुण्याचा भाचा म्हणतो, "मामी, तुम्ही व्हेंचर कॅपिटल आहात." असू बापडं.

*

सुरुवात देवळात झाली. पोथीला बसताना देवीसमोरची जागा रिकामी आणि दाराजवळ ही गर्दी! दोघी तर एकमेकींच्या पिशव्या सरकवत होत्या. आमच्यातल्या एस्तेरबाई निवृत्त नर्स. चर्चला जातात, पण आमच्या शिऱ्याला हटकून येतात. त्यांनी विचारलं, "वहिनी, सगळ्या दाराशी का वो?"

"वारा येतो इथं."

"व्हय का? पंखा तर पुढं लावलाय."

मग त्यांनीच हळू सांगितलं. बाळंतपणं झालेल्या बायका. शिंक आली, खोकला आला की लघवीचे थेंब गळतात. पटकन उठून जाता यावं म्हणून दार.

पोथी संपेपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गेली चार वर्षं मीही वाऱ्यालाच बसत होते.

*

एस्तेरबाईंनीच रेखाला आणलं. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, तो बंद पडला. आईसाठी तिने काहीतरी शिवलं होतं, तेच विकायचं होतं. दोन मशीन आणि एक खोली एवढंच हवं होतं, पण जिथे जाईल तिथे एकच उत्तर, "पापड असतील तर सांग."

पिशवीत पिशवी, तिच्यात कागद, असं बांधून घेऊन आली होती.

"काय आहे गं?" मी विचारलं.

"ते."

"ते म्हणजे?"

"ते वो, वहिनी."

शेवटी एस्तेरबाईंनी कागद फाडला आणि हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी वस्तू ठेवली. आतून जाड, धुऊन परत वापरता येईल असं अस्तर लावलेली. "चड्डी हाय ही. चड्डीला चड्डीच म्हन्त्यात."

एक जण हसली, मग सगळ्या हसलो. रेखा मात्र रडायला लागली.

*

आमच्याकडे पैसे होते, पण ते देवीच्या चांदीच्या मुकुटासाठी साठवलेले. पाच जणी हो म्हणाल्या. माझी मान हलेना. मंगळवारी ओटी घेऊन देवीसमोर गेले. म्हटलं, "आई, डोक्यावरचं जरा थांबव. तुझ्याच लेकींसाठी मागतेय. मुकुट चढेपर्यंत मी गोड खाणार नाही."

देवी काय बोलणार? एस्तेरबाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "न्हाई म्हनली न्हाई ना? मग व्हयच."

घरी सासूबाईंना कळलं. "देवीचा मुकुट चड्डीत घातलास?" एवढंच म्हणाल्या. मग स्वयंपाकघरातला चिमटा आणला, रेखाने दिलेला कपाटावरचा नमुना चिमट्यात धरला आणि ओसरीवर केरसुणीशेजारी नेऊन ठेवला.

त्या आठवड्यात आमच्या पोळ्या चिमट्याशिवाय भाजल्या. चिमटा बाटला होता.

*

सहा महिने माल खपला नाही. दुकानदार गठ्ठा मागे ठेवायचे आणि काउंटरवर पुरुष. कोणती बाई मागेल? रेखा एक मशीन विकायला निघाली. मी रोज देवीच्या मोकळ्या डोक्याकडे पाहायची आणि चहा बिनसाखरेचा प्यायची.

तेवढ्यात बांगड्या भरायला शेवंताबाई कासारीण आली. रेखाचा पडलेला चेहरा पाहून तिने कारण विचारलं, वस्तू उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "द्या माझ्याकडं."

"तू कशी विकणार?"

"बांगडी भरताना आसपास बाप्या नसतो, आन् बाईचा हात माझ्या हातात असतो. हात हातात असला की बाई खोटं बोलत न्हाई."

संक्रांतीपर्यंत खोली रिकामी झाली. शेवंताबाईच्या पेटीत वर बांगड्या, खाली आमचा माल. रेखाने मशीन विकलं नाही, आणखी दोन घेतली.

*

मग भाच्याने आम्हाला पुण्याला पैसेवाल्यांसमोर नेलं. काचेचं टेबल, पलीकडे तीन तरुण. एकाने विचारलं, "मार्केट केवढं आहे?"

रेखाने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "बाळा, तुझी आई गाडीत बसायच्या आधी पाणी पिते का?"

तो विचारात पडला. "नाही. तहान नाही म्हणते."

"नेहमीच नसते का रे तहान?"

दुसरा म्हणाला, "पण काकू, या विषयावर लोक बोलतच नाहीत."

एस्तेरबाई म्हणाल्या, "म्हनून तर तुमच्या आधी आमी आलोय."

त्या तिघांनी पैसे घातले नाहीत. पुढच्या सोमवारी मात्र पुण्याहून दोन पाकिटांची ऑर्डर आली. पैसे त्या पहिल्या मुलाच्या नावाने, पत्ता त्याच्या आईचा.

*

दरवर्षी आम्ही गाडी करून शिर्डीला जातो. यंदा राहुरी मागे पडली तरी कुणी थांबा म्हणेना. ड्रायव्हर आमचा नेहमीचा. शेवटी त्यानेच गाडी बाजूला घेतली. "मावशी, भांडलाय का आपसात? दरसाली तीन डाव थांबवता. माझा चा ऱ्हायला ना!"

*

नवरात्राच्या आधी रेखा आली. आता शेडमध्ये आठ मशीन आहेत, आठ बायका. तिने आमची रक्कम वाढवून परत केली आणि आम्ही तिथूनच सोनाराकडे गेलो.

मुकुट चढला त्या दिवशी देऊळ भरलं होतं. एस्तेरबाईंनी शिऱ्याची वाटी माझ्यासाठी आधीच झाकून ठेवली होती. त्या दिवशी पोथी वाचायची पाळी माझी होती; मी ती उघडली आणि सवयीने दाराकडे पाहिलं. तिथे फक्त चपला होत्या.

एवढ्यात काठी टेकत सासूबाई आल्या. गुडघे दुखतात म्हणून बारा वर्षं दाराशी बसणाऱ्या. त्या दारापाशी थांबल्या नाहीत. बायकांमधून वाट काढत थेट देवीसमोर येऊन मांडी घालून बसल्या.

"आई, गुडघे?" मी विचारलं.

"मुकुट लांबनं दिसत न्हाई."

मग त्यांनी माझा पाण्याचा तांब्या ओढून घेतला. तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हं. वाच आता सावकाश."