सतरा नंबरची नळी

विज्ञानात भावनेला स्थान नाही. अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मात्र तिला एक स्टूल दिलेले होते, आणि त्यावर परिचर गवईकाका बसत. जीवाणूंचा इन्क्युबेटर उघडण्याआधी ते दारावर टकटक करत. म्हणत, "आत कोनी झोपलं असन त एकदम उजेड नको."

बार्शीटाकळीकडच्या कोरड्या कुरणांतून मी रानटी शेंगवर्गीय चाऱ्याच्या मुळांवरच्या गाठी खणून आणल्या होत्या. त्यांतले जीवाणू हवेतला नत्र धरून झाडाला पोसतात. तीस नळ्यांत असे तीस नमुने होते. इन्क्युबेटरच्या पंचेचाळीस अंशांत एक तरी तगला तर माझी पीएचडी, नाहीतर पुन्हा कुदळ आणि कुरण.

निकाल आला. तीसच्या तीस जिवंत. आमचे सर वऱ्हाडच्या मातीच्या काटकपणावर पाऊण तास बोलले आणि त्यांनी अमरावतीहून तज्ज्ञ बोलावले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी विसरलेली वही घ्यायला परतलो. सगळ्या नळ्या कूलरसमोर रांगेत मांडलेल्या, शेजारी काका डबा खात बसलेले.

"काका, हे काय?"

"रोजच काढतो. चार वाजता परत ठेवतो ना. तू काहून घाबरून राहिला?"

"अहो, त्यांना तापवायचंच आहे."

"मालूम आहे मले. पन मे महिना आहे, बापू. मानसाले सोसत नाही, हे त एवढे एवढे जीव."

तज्ज्ञांना थोपवले, प्रयोग पुन्हा लावला आणि इन्क्युबेटरची किल्ली मी खिशात ठेवली. काकांनी आठ दिवस अबोला धरला आणि माझ्या टेबलाकडचा कूलर भिंतीकडे वळवला.

या वेळी एकोणतीस मेले. सतरा नंबर जिवंत होता. काकांनी अबोला सोडला.

"सतरा? मागच्या उन्हाळ्यात फ्रीज बिघडला, तवा नळ्या दुसऱ्या इमारतीत नेल्या होत्या ना? थे एक माह्या गाडीच्या डिक्कीत राह्यली. महिनाभर. तू बोंबलशीन म्हनून गुपचूप ठेवून देली."

मला पदवी मिळाली. जीवाणूला सरांचे नाव मिळाले. प्रबंधात डिक्कीचा उल्लेख 'नैसर्गिक परिस्थिती' असा आहे.

निवृत्तीच्या दिवशी काकांनी किल्ल्या माझ्या हाती दिल्या. "सतराले जप. उन्हाची आदत आहे त्याले, लाडाची नाही."

तो जीवाणू आता फ्रीजमध्ये चार अंशांवर असतो. वीज गेली की त्याच्यासाठी जनरेटर लावतात.