नंदीच्या वाट्याची सरकी

काय सांगू बाप्पा! दुसरे तिखटमीठ लावून सांगतीन, त्यापरीस माही फजिती मीच सांगतो. हसा खुशाल!

नाटक मंडळीत मी होतो बदली. म्हणजे काय? खरा नट आडवा पडला, का आपण उभं राहायचं! आमची पार्वती म्हणजे भिका. दोन वर्सं मी त्याच्या पडायची वाट पाहून राहिलो होतो. पण हा लेकाचा पडतच नव्हता!

मंग आमी अमरावतीहून अकोल्याले आलो. साता समुद्रापार कोणाची तरी लढाई जुंपली म्हणते, अन् इकडं कापसाले सोन्याचा भाव! खुशीत येऊन एका कापूसवाल्या शेठनं मंडळीले जिलेबी खाऊ घातली. भिकानं एकट्यानं परात चाटली. मंग काय! गडी लोटा घेऊन जे वावरात बसला, ते उठेचना.

मालक देशावरचे. म्हणाले, "आज तू पार्वती. नीट केलंस तर काम कायमचं तुझं. बिघडवलंस तर वलगावची वाट धर!"

वलगावले माहा बाप काठी घेऊनच बसला होता.

लुगडं नेसलो, काजळ घातलं. पण डोक्याचं काय? भिकाचे केस कमरेपर्यंत. माह्या तासलेल्या डोक्यावर निस्ती शेंडी! खोटा अंबाडा बांधा लागते. पण आत भरू काय? वावराकडं तोंड करून हाक मारली.

"भिका, तुह्या उशीतला मूठभर कापूस दे ना बे!"

"हट्! ह्या भावात? मेलो तरी उशी सोडणार नाही!"

मी काय कमी हाव का? गाडीमागं टोपल्यात सरकी दिसली. कापसाचंच बी ते! काळ्या फडक्यात बांधली, वरून गजरा. असा अंबाडा अख्ख्या वऱ्हाडात झाला नसन!

टोपलं कोणाचं, हे काहून विचारू? आमच्या गाडीच्या बैलाचं होतं ते. अन् तोच बैल आज नंदी!

मशाली पेटल्या. सूत्रधार गाये, मी बसल्या जागी हातवारे करो. आमच्यात रीतच तशी. तेवढ्यात शंकर नंदीले घेऊन आला. नंदीनं हुंगलं, शंकराले ढकललं, अन् थेट माह्या डोक्याले तोंड लावलं!

"हट् बे!" मी हळूच म्हटलं. "लोकं पाहून राहिले!"

उपाशी बैल आयकते का?

पुढं बसलेल्या म्हातारीनं हात जोडले. "पाहा व माय! मुकं जनावर, पण देवी ओयखते!"

झालं! बाया नमस्कार करू लागल्या. सूत्रधारानं तिथंच नवं कडवं जुळवलं. मले वाटलं, जमलं बाप्पा! मीबी माय झालो. नंदीच्या गळ्यात हात टाकून डोकं टेकवलं.

तीच चूक!

टर्रर! फडकं फाटलं. सरकी पाटावर, गजरा नंदीच्या तोंडात, अन् पार्वतीच्या डोक्यावर शेंडी! गजरा गिळून त्यानं शेंडीबी धरली!

"अरे देवा! सोड बे!" मी बोंबललो, तेबी बाप्याच्या आवाजात.

गाडीवान रहीमचाचा मधातच घुसला. "अबे, ये तो मेरे बैल का दाना है! शामसे ढूंढ रहा हूं!"

शंकर हसून हसून गळ्यातल्या नागासकट लोळला.

शेठनं खुश होऊन फेटा बांधला. कोणाले? बैलाले! तेल्हाऱ्याच्या लोकाईनं तिथंच सांगितलं, "हाच नंदी घेऊन आमच्या गावाले या."

मी मालकाचे पाय धरले. "मले घरी धाडू नका जी!"

"धाडतो कसा? आता खेळ नंदीवर चालणार. अन् जनावराचा भरवसा काय? उद्या आजारी पडला तर?"

अन् त्यांनी शिंगांचा मुखवटा माह्या हातात देला.

तवापासून बदलीच हाव. बैलाचा!