साडूंनी दिलेला शब्द

हौसेने रांगेत उभा राहणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. गडचिरोलीच्या जंगलातल्या शाळांत अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे त्यांना गोंडी येते. तिकडचा कोणीही पेशंट इथल्या सरकारी दवाखान्यात निघाला, की निरोप आधी साडूंना जातो, मग डॉक्टरांना. केसपेपरपासून सर्जरीच्या वॉर्डापर्यंत सहा खिडक्या आणि दोन जिने आहेत. हे मी मोजलंय, कारण ते मला ओढून नेतात. खिडक्यांचे नंबर ते पेशंटला सांगतच नाहीत. एक्स-रेची खोली म्हणजे ‘थंड लोखंडाची’, औषधांची खिडकी म्हणजे ‘चष्मेवालीची’. त्यांची माणसं कधी चुकत नाहीत. नंबर पाठ असलेला मी चुकतो. पास एका नातेवाइकाचा असतो आणि साडूंमागे नऊ जण असतात. चौकीदार एकदा ओरडला, “मास्तर, हे सगळे नातेवाईक होय काय?” साडू शांतपणे म्हणाले, “एकच नातेवाईक होय गा, पाय तेवढे अठरा हायेत.”

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आली होती. पोटात गाठ, घोटभर पाणीही टिकत नव्हतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी; नवऱ्याची संमती मात्र त्याच संध्याकाळी हवी होती, नाहीतर पुढची तारीख तीन आठवड्यांनी. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं. नवरा फरशीकडे बघत राहिला. शेवटी त्या ‘नातेवाईकांचा नकार’ असं लिहायला लागल्या.

“थांबा मॅडम,” साडू म्हणाले, “तो नाही म्हणून नाही राहिला, विचार करून राहिला.”

“मास्तर, माझ्याकडे चाळीस पेशंट आहेत.”

“मले एक तास द्या.”

त्या तासात साडू त्याच्याशी गोंडीत बोलले; नंतर कळलं, मोहफुलांबद्दल आणि एका लंगड्या बैलाबद्दल. बावन्न मिनिटं मी घड्याळ बघत होतो. मग नवरा हळूच काहीतरी म्हणाला आणि साडूंनी लगेच दोन शब्दांत उत्तर दिलं.

“काय म्हणतो?” मी विचारलं.

“बायको इथंच गेली तर तिले गावी कोण नेणार, विचारून राहिला. गावाच्या मातीत नाही गेली तर तिचा जीव भटकत राहीन, असं त्याचं म्हणणं.”

“मग?”

“मी नेतो म्हटलं.”

नवऱ्याने अंगठा दिला. सकाळी साडू पिशवी घेऊनच आले: दोन सदरे, बीपीच्या गोळ्या. मी वैतागलो. “अहो, बाई बरी होईल की!”

“होईन. पण शब्द देला ना बाप्पा.”

दुपारी गाठ नीट काढल्याचं कळलं, तेव्हा तिच्यासोबत आलेले नऊच्या नऊ जण उठून उभे राहिले.

पाच वर्षांत साडूंनी हा शब्द अकरा जणांना दिलाय. सात जण चालत घरी गेले. चौघांसोबत साडू शववाहिनीत बसून गेले, प्रत्येक वेळी आठ तास. हा हिशेब माझ्याकडे आहे, ते ठेवत नाहीत. परवा चौथ्या खेपेहून परतले, तेव्हा मी म्हटलं, आता वय झालं, पुरे करा.

“मीही तेच म्हणून राहिलो,” चहाचा कप तसाच हातात धरून ते म्हणाले. “पण मंग डॉक्टरले तो एक तास कोण मागणार?”