घरी आणलेली स्क्रिप्ट

तारवाल्यांनी उभी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर काढली आणि एकच अक्कल शिकले: दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, सुटा भाग घरात हवाच. त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे जोडीने असायची. बायको मात्र एकच होती, आणि ती गेल्या वर्षी गेली.

ती शिवणबाई. बाही कशी बसवायची, गळा कसा कापायचा, हे शिकवणारी तिची वेबसाइट होती. साइटवर जाहिराती यायच्या आणि दर महिन्याला जाहिरात कंपनीचा संदेश तिच्या फोनवर यायचा, तिचं नाव घेऊन: ‘अभिनंदन, तुमची कमाई जमा झाली.’ कमाई कसली, दोऱ्याच्या रिळांपुरती. पण ती गेल्यावरही संदेश येत राहिला. साऱ्या जगाने तिचं नाव खोडलं होतं. ही एक कंपनी तेवढी अजून तिला कामावर आहे असं समजत होती. त्यासाठी म्हातारबुवा तिचा फोन रोज चार्ज करायचे. मुलीला ते वेड वाटायचं. वेडच होतं ते.

मग एका शिष्येने फोनवर कुरकुर केली. “काका, बाईंचं पान उघडता उघडत नाही हो. तोवर कापड हातात धरून बसायचं का?”

तारवाल्यांनी दोष शोधला. जाहिराती मांडणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, दर वेळी कंपनीच्या संगणकावरून यायची, आणि ती येईपर्यंत पान अडून बसायचं. “एवढंच ना?” म्हणत त्यांनी स्क्रिप्टची नक्कल बायकोच्या साइटवरच आणून ठेवली. पान झटकन उघडू लागलं. शिष्या खूश, बुवा त्याहून खूश. बायकोचं काहीतरी दुरुस्त केल्यासारखं त्यांना फार दिवसांनी वाटलं.

करायला गेले एक अन् झालं भलतंच. कंपनी आपली स्क्रिप्ट बदलत राहते, आणि तिच्याकडून मागवणाऱ्यांना नवी आपसूक मिळते. घरी आणलेली जुनीच राहिली. तिचा हिशेब जुळेना, तेव्हा कंपनीला लबाडीचा वास आला आणि तिने खातं गोठवलं. महिना संपला तरी फोन गप्पच.

बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी नक्कल काढून टाकली, कंपनीची स्क्रिप्ट पुन्हा जोडली, बायकोच्या नावाने माफी मागितली. उत्तर मुलीने वाचून दाखवलं: ‘खातं सुरू करण्यासाठी खातेदाराने स्वतः कॅमेऱ्यासमोर यावं.’

“बाबा, आता सांगून टाका त्यांना.”

“मीच घालवलं गं तिला.”

“आई त्याच्या आधीच गेली, बाबा.”

ते हुंदके देऊन रडले. मग त्यांनी लिहिलं, ‘ती येऊ शकत नाही. ती वारली आहे.’ हे वाक्य त्यांनी आजवर कुणालाच लिहिलं नव्हतं. कळवाकळवी सगळी मुलीनेच केली होती. पाठवायचं बटण त्यांना दाबवेना. मुलीने हात पुढे केला, तो त्यांनी हलकेच बाजूला सारला, आणि स्वतःच दाबलं.