काचेवरच्या टिकल्या

आमच्या मजल्यावरच्या निशिकांतकाका सबनीसांना कुणी दंडाला धरून रस्ता ओलांडून द्यायला लागलं, की ते जागीच थांबतात आणि म्हणतात, "ओढू नका, मी ट्रॉली नाही." मग आपणच त्या माणसाचा कोपर धरतात आणि चालू लागतात. सिंगापुरातल्या चिनी आजोबांना मराठी कळत नाही, ते हसतात. आपल्या लोकांना कळतं, ते रागावतात. मला मात्र काका फार आवडतात, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बरीच चिडचिड करणार आहे आणि ती नेमकी कुणावर, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

काका चौथ्या वर्षी तापात आंधळे झाले. 'आंधळे' हा त्यांचाच शब्द. 'दृष्टिहीन' म्हटलं की ते विचारतात, "हे कोण?" संजीवनीकाकू इथे मुलांना हिंदी शिकवायच्या, त्यांच्या नोकरीपायी दोघं सिंगापूरला आली आणि बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये राहिली. आता काकू घरीच असतात. काका दर शनिवारी यिशुनला अपूर्वाच्या कथकच्या क्लासला लेहरा वाजवायला जायचे. माझी कस्तुरी त्याच क्लासात नाचते, त्यामुळे आम्ही तिघं बरोबरच एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जायचो.

लेहरा म्हणजे नाचामागे सतत फिरत राहणारी एकच सुरावट. नाचणारी कितीही गिरक्या घेऊन आली तरी तालाची सम कुठे आहे ते तिला लेहरा सांगतो. काका तो कीबोर्डवर वाजवत, सारंगीच्या आवाजात. तो आवाज यंत्रात आयता मिळालेला नव्हता. बटणं दाबदाबून, एकेक गोष्ट कमीजास्त करून त्यांनी तो स्वतः घडवला होता. "मी क्लासचं घड्याळ आहे," ते म्हणायचे. "घड्याळाकडे कुणी बघत नाही, पण बंद पडलं की सगळ्यांना कळतं." पेन्शनीतल्या माणसाला आठवड्यातून एकदा कुठेतरी आपल्यावाचून अडतंय हे किती हवं असतं, ते शनिवारी सकाळी त्यांच्या शर्टाची इस्त्री बघून कळायचं.

मग त्यांचा जुना कीबोर्ड गेला. आत मुंग्यांनी घर केलं होतं. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, बंद केलं आणि सांगितलं की याचे भाग आता कुणी बनवत नाही. काका दोन शनिवार हार्मोनियम घेऊन आले, पण हार्मोनियमवर त्यांना सुरावरून सुरावर घसरत जाणारी ती सारंगीची मींड मिळेना आणि चिडून ते अर्ध्यात थांबायला लागले.

तेव्हा क्लासच्या पालकांनी मिळून त्यांना नवा कीबोर्ड भेट दिला. अगदी मनापासून, सगळ्यांत भारीतला. अपूर्वाने हार घातला, मुलींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी हात पुढे केला आणि नेहमीसारखं यंत्र चाचपायला सुरुवात केली. त्यांची बोटं एका गुळगुळीत काचेवर गेली आणि कीबोर्डने टुकटुक करत आवाज बदलला. बोटं सरकली, पुन्हा बदलला. मग आपोआप ढोल वाजायला लागला. मुली हसल्या. काकाही हसले.

"बटणं कुठं आहेत?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"काका, सगळं स्क्रीनवर आहे. टचस्क्रीन."

"म्हणजे एकही नाही?"

एक होतं. आवाज कमीजास्त करायचं गोल बटण. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि फोटो होईपर्यंत ते तसंच ठेवलं.

परतताना गाडीत त्यांनी खिशातून फोन काढला. "हाही काचेचाच आहे की," ते म्हणाले. बोट काचेवरून फिरवलं तसा फोन एकेक नाव बोलत गेला. हवं ते नाव आल्यावर त्यांनी दोनदा टिचकी मारली, तेव्हा कुठे ते उघडलं. "बघ. हा आधी सांगतो, मग करतो. तो आधी करतो आणि सांगत काहीच नाही. आम्ही हातानं बघतो गं. आणि त्याला हात लावला की तो हुकूम समजतो."

मी आयटीत मॅनेजर आहे. माझ्या अंगात आलं. त्या कंपनीला मी सणसणीत ईमेल लिहिली: तुमच्या यंत्राला बोलायला शिकवा, फोनला येतं तर तुम्हाला का येत नाही? उत्तर आलं. आपला अभिप्राय मोलाचा आहे, पुढील आवृत्तीत विचार करू, तोवर सोबतचा व्हिडिओ पाहावा. व्हिडिओत एक हसरा तरुण सांगत होता, आता इथे टॅप करा, मग इथे, मग इथे. काकांनी तो पूर्ण ऐकला. "इथे म्हणजे कुठे, ते त्याला विचार," म्हणाले. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा अभिप्राय मोलाचा निघाला. अशी पत्रं कंपनीत कुठल्या ढिगात जातात ते मला ठाऊक आहे. त्या ढिगाला तळ नसतो. मी ऑफिसात बसून जगभरच्या लोकांची घोडी गंगेत न्हाऊ घालते आणि शेजारच्या काकांसाठी एक बटण आणू शकत नव्हते.

टिकल्यांची कल्पना काकांचीच. काकूंच्या ड्रॉवरमध्ये टेक्काच्या बाजारातून आणलेली पाकिटं असतात, मखमली, मरून, गोल. "त्या चिकटव काचेवर," काका म्हणाले. "टिकलीवर बोट टेकलं तर यंत्राला कळायचं नाही, टिकलीच्या शेजारी टेकलं तर कळेल. बरोबर?" बरोबर निघालं. मी स्क्रीन वाचून दाखवायची, काका सांगतील तिथे टिकली लावायची. पण खरी मेख पुढे होती. एकदा दाबलं की काचेवरचं पान बदलतं आणि त्याच टिकलीशेजारी भलतंच काही येतं. काकांनी तेही पाठ केलं. तिसरीच्या उजवीकडे, मग पहिलीच्या खाली, मग पुन्हा तिसरी. मी नावं वाचायची, ते नावं सोडून टिकल्या लक्षात ठेवायचे. काकू चहा ठेवायच्या, तो गार व्हायचा. अधूनमधून काच न बोलताच काहीतरी विचारायची, काका 'नको' म्हणायच्या जागी 'हो' दाबायचे आणि चार दिवसांचं काम पुसलं जायचं. तेव्हा ते उठून गॅलरीत जायचे.

अखेर सारंगी जमली. जुन्यासारखी नाही, पण जमली. काकांनी ती वाजवून दाखवली तेव्हा काकूंनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे बघून "कांदा चिरत होते" म्हणाल्या. हातात वाटाणे होते.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम कम्युनिटी क्लबच्या सभागृहात होता. काका नव्या कीबोर्डवर, तबल्याला इथल्या महाराष्ट्र मंडळाचे रवींद्र. मी विंगेत पिना आणि घुंगरं सांभाळायला. दुपारी मीच काकांना कीबोर्डशी नेऊन बसवलं, त्यांनी टिकल्या मोजल्या, सारंगी लावून बघितली. "आज शाबूत आहे," म्हणाले. मग सगळं बंद केलं आणि आम्ही जेवायला गेलो.

पडदा उघडला. मुली रांगेत उभ्या, अपूर्वा पुढे. यंत्र चालू केल्यावर सारंगी पुन्हा काचेवरून शोधावी लागे, म्हणून काकांचा हात काचेकडे गेला. हात जरा वर गेला, मग खाली, मग पुन्हा डावीकडे. मला कळेना ते काय शोधताहेत. तेवढ्यात कीबोर्डमधून लग्नाच्या वरातीसारखा धाडधाड ठेका सुरू झाला. प्रेक्षकांत खसखस पिकली. काकांनी हात पटकन मागे घेतला, चाचपत ते गोल बटण शोधलं आणि आवाज बंद केला.

मी वाकून, पडद्याच्या कडेने, त्यांच्यापाशी गेले. काच लखलखीत होती. एकही टिकली नव्हती.

"टिकल्या?" काकांनी ओठांतल्या ओठांत विचारलं.

"नाहीत काका. थांबा, मी लावते सारंगी."

पण मला कुठे येत होती? पुढे पान उघडलेलं, त्यावर शेकडो नावं. मी एक दाबलं, दुसरं दाबलं. त्यांनी तो रस्ता टिकल्यांवरून पाठ केला होता आणि मी त्यांच्या भरवशावर नावं विसरून गेले होते. डोळे असून मी तिथे ठोंब्यासारखी बसले होते. अपूर्वाने आमच्याकडे बघितलं, थोडं थांबली, आणि मग खाली साउंडवाल्याला खूण केली. त्याच्याकडे तिचा फोन होता. सभागृहात सारंगी घुमली.

ती काकांचीच होती. जुन्या कीबोर्डवरची, मुलींना घरी सराव करता यावा म्हणून त्यांनी मागे कधीतरी रेकॉर्ड करून दिलेली. नाच सुरू झाला, रवींद्रनी तबला धरला. काका क्षणभर मान तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि वाजवायला लागले. आवाज बंद होता. तरी ते वाजवत होते, फोनमधल्या स्वतःच्या मागे मागे, प्रत्येक सूर बरोबर, प्रत्येक समेवर मान हलवत. मी त्यांच्या पायाशी बसून ते सगळं बघितलं. उठून जायला जागा नव्हती, आणि मला रडू येत होतं.

टाळ्या खूप पडल्या. पडदा मिटल्यावर पालक स्टेजवर आले. "काका, काय वाजवलंत," "काका, अंगावर काटा आला." काका हात जोडत राहिले. क्लासातल्या मृण्मयीची आई तर त्यांच्या पाया पडली. भली बाई आहे, क्लासचं कुठलंही काम असो, ती पदर खोचून पुढे. म्हणाली, "काका, या पोरी म्हणजे ना, मेकअप करताना टिकल्या कुठेही चिकटवून ठेवतात. आमच्या घरातला आरसा बघाल तर गोवर आल्यासारखा. तुमच्या इतक्या महागाच्या कीबोर्डवरही लावल्या होत्या मेल्यांनी. मी जेवणाच्या सुटीत सगळ्या काढल्या, ओल्या वाइपने काच स्वच्छ पुसून ठेवली."

माझं तोंड उघडलंच होतं. पण काकांनी माझं मनगट धरलं होतं, ते घट्ट दाबलं.

"बरं केलंस हो," काका तिला म्हणाले. "फार दिवस पुसायची राहिली होती."

जाताना टॅक्सीत ते एकदाच बोलले. "कुणाच्याच लक्षात आलं नाही ना गं?"

मी काय सांगणार? आलं म्हटलं तर त्यांची फजिती, नाही म्हटलं तर त्याहून वाईट. "नाही काका," मी म्हटलं. ते बरं म्हणाले आणि काच खाली करून वारा घेत बसले.

मंगळवारी मी नव्या टिकल्या घेऊन त्यांच्याकडे गेले. कीबोर्डवर काकूंनी चादर घातली होती. टिकल्या लावू या का, म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, "बस आधी, हे ऐक." त्यांनी फोनवर बोट फिरवलं. तो त्याच्या त्या सपाट बाईच्या आवाजात अपूर्वाचा मेसेज वाचायला लागला. काका, परवाचा कार्यक्रम तुमच्यामुळे झाला. रेकॉर्डिंगवरही किती छान बसलं ते आपण पाहिलंच, लयही फोनवर हवी तशी वाढवता येते. तुम्हाला या वयात दर शनिवारी एवढ्या लांब ओढायचं माझ्या जिवावर येतं. आता आराम करा, अधूनमधून मुलींना आशीर्वाद द्यायला नक्की या. हसरा चेहरा. जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात.

"हा बघ, सगळं सांगतो," काका म्हणाले. "काही म्हणून गाळत नाही."

मी अपूर्वाला फोन केला, थोडी भांडले. ती रडली. म्हणाली, "प्रणिताताई, स्टेजवर त्यांचे जे हाल झाले ते मला बघवले नाहीत. पुन्हा तसं झालं तर?" तिच्यावर चिडायला मला काही सापडेना. मृण्मयीच्या आईवरही सापडेना. त्या हसऱ्या तरुणावर चिडावं तर त्याने व्हिडिओत तोंडभर हसून टॅप करायला सांगितलं होतं, बास. कंपनीला तिसरी ईमेल लिहायला बसले आणि अभिप्राय मोलाचा आहे हे आठवून लॅपटॉप मिटला.

शनिवारी सकाळी मी आणि कस्तुरी निघालो. काकांचं दार उघडं होतं. गेटच्या जाळीआड काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते.

"काका, यू नॉट कमिंग आह?" कस्तुरीने विचारलं.

"मी कधीच पोचलोय तिथं," काका म्हणाले. "अपूर्वाताईंच्या फोनमध्ये आहे. पळ, उशीर होईल तुला."

"चला ना काका, नुसते बसायला," मी म्हटलं.

"नुसता बसायला मी घरी आहे की."

यिशुनला अपूर्वाने फोन स्पीकरला जोडला. तीच सारंगी, तीच मींड. मुली उभ्या राहिल्या आणि नाचायला लागल्या. मी मागच्या भिंतीला टेकून त्यांच्या पायांकडे बघत बसले. कुणा एकीचा तरी पाय चुकावा, एकदा तरी सम हुकावी, असं मला फार वाटत होतं. कस्तुरीची हुकली तरी चाललं असतं. तास संपेपर्यंत एकीचीही हुकली नाही.