तळपायावरची तीट

दुपारी रेवा दूध पिता पिता झोपते आणि श्रुतिकाचेही डोळे जड होतात. मिटता मिटता तिचा अंगठा सवयीने लेकीच्या पावलावर जातो. दाबायचं, सोडायचं, खळगा राहतो का बघायचं. किडनीच्या वॉर्डात पोस्टिंग लागल्यापासून या शिकाऊ डॉक्टरीणबाईला घरातही सूजच दिसते. मुलांच्या डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासून सांगितलंय, पोर ठणठणीत आहे. तरी उद्या पुन्हा रक्त काढायचं तिने ठरवलंय.

"पुन्यांदा पीठ मळाय बसलात व्हय, डॉक्टरीणबाई?"

पलंगाच्या कडेला सांगोल्याच्या मालनताई बसल्या आहेत. डायलिसिसला यायच्या त्या. विद्यार्थी ओळीने त्यांच्या नडगीवर अंगठा रोवायचे, तेव्हा त्या असंच म्हणून हसायच्या. मागच्या आठवड्यात त्या गेल्या. श्रुतिकाला ते ठाऊक आहे; पण तोंडावर कसं बोलायचं?

खोलीचा वॉर्ड झालेला असतो. मशीनच्या जागी रेवाचा पाळणा घरघरतोय. मालनताई नळ सोडून ओंजळीने घटाघटा पाणी पितायत.

"अहो ताई, किडनीच्या पेशंटनं पाणी मोजून..."

"आता कोन मोजतंय? लई ग्वाड हाय." पदराने तोंड पुसून त्या हात पुढे करतात. "द्या हिकडं लेकीला."

श्रुतिका रेवाला छातीशी आवळते.

"न्हेत न्हाई वं मी. माझी दोन गावाकडं हायती. त्यास्नी सोडून तुमची कशाला न्हेऊ?"

मग मात्र ती देते. मालनताईंच्या दंडावर सुयांच्या खुणांची जाळी आहे. रेवा तिच्यावरून बोट फिरवते.

"माझी चाळण झाली, ती गरजंची व्हती. हिला कशापायी टोचताय?"

"भीती वाटते, ताई. काही नजरेतून सुटलं तर? तुमचंही उशिराच कळलं ना?"

पाळणा थांबतो.

"माझ्याकडं बघाय कुनी नव्हतं. हिच्याकडं तुमी हायसा." मग एकदम, "तीट न्हाई लावली व्हय?"

"काजळ डोळ्यांना चांगलं नसतं."

"डोळ्याला कोन लावतंय?" त्या रेवाच्या तळपायाला बोट टेकवतात. "हितं. आता हितं दाबायचं न्हाई."

रेवाच्या लाथेने श्रुतिका जागी होते. उन्हं पलंगाच्या पायथ्याशी आलेली. रेवा पाय हवेत नाचवतेय, आणि डाव्या तळव्यावर काळा, वाटोळा ठिपका. सासूबाईंनी पाठवलेली काजळाची डबी श्रुतिकाने कधी उघडूच दिली नव्हती. ती खण ओढून पाहते. डबीचं सील तसंच आहे.

ती कापूस ओला करते. तळव्यापर्यंत नेते. मग तो बाजूला ठेवते.

"निखिल," ती बाहेर बसलेल्या नवऱ्याला हाक मारते, "उद्या लॅबवाल्याला नको सांग."

"नक्की? रात्री पुन्हा विचार बदलशील."

ती रेवाशेजारी टेकते. तिचा अंगठा आपसूक पावलाकडे निघालेला असतो. तिटेपाशी येऊन तो थबकतो, आणि नुसत्या गुदगुल्या करतो.