लगतच्या चारही खातेदारांची हरकत नाही

परवा मंगळवारी सकाळी सहा वाजता मी मुरबाडकडच्या आमच्या नव्या शेतात उभी होते. तिथे जे घडलं, ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी थोडं सांगते. माझ्याकडे बंदूक आहे. नवीन मंडळींनी दचकू नका, पिकाच्या राखणीची आहे, रीतसर परवान्याची. आधी सासऱ्यांची होती, मग ह्यांची, आणि हे गेल्यावर माझ्या नावावर झाली. किन्हवलीच्या आमच्या जुन्या शेतात डुकरं आली की हवेत एक बार काढते... डुकरं पळतात, विषय संपतो.

यंदा माझ्या आईच्या वाट्याची सव्वा एकर जमीन मुरबाड तालुक्यात माझ्याकडे आली. केवढी हौस मला! मे महिन्यातच चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं, खालून करवंदीचे काटे दाबून बसवले, सडकेकडे तेवढं आमच्यापुरतं फाटक ठेवलं. मग भात लावलं.

भात लोंबीवर आलं आणि एका कोपऱ्यात कुंपण उचकटलेलं दिसलं. खाली हे एवढं भोक, आजूबाजूचं भात आडवं, चिखलात खुरं उमटलेली. एकदा नाही, रोज! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण परवान्यावर किन्हवलीच्या शेताचा गट नंबर. दुसऱ्या जमिनीवर बंदूक न्यायची तर नव्यानं परवानगी हवी. मग काय... तहसील, पोलीस ठाणं, वनखातं. एका टेबलावर साहेब म्हणाले, "मिस्टरांना पाठवा." म्हटलं, "ते वर गेलेत, बोलावू का?" तेव्हा कुठे बसायला खुर्ची मिळाली.

अर्जात एक प्रश्न होता, जमिनीतून लोकांची ये-जा आहे का. मी ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं. लगतच्या चार खातेदारांच्या ना-हरकत सह्या हव्या होत्या, त्याही कल्याणला जाऊन आणल्या. चौघंही तिकडेच राहतात, शेताकडे फिरकत नाहीत. सह्या मात्र पटापट केल्या.

पाच आठवडे झाले तरी कागद हलेना. माझा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, कागद येईस्तोवर एक लोंबी राहायची नाय. पहाटे जाऊन बसू. भोकावर नेम धरायचा, हललं की बार. कोण बघतंय?"

खोटं कशाला बोलू... मी हो म्हणाले. मंगळवारची पहाट ठरली. काडतुसंही काढून ठेवली.

सोमवारी संध्याकाळी वनखात्याच्या गार्डचा फोन. "मॅडम, उद्या सकाळी पंचनाम्याला येतो. ताजे ठसे बघायचेत. बंदूक आणू नका." मी मनात त्याचा उद्धार केला आणि दिराला सांगितलं, आपलं परवा बघू.

मंगळवारी धुकं होतं. मी आणि गार्ड बांधावर पोचतोय तोच कोपऱ्यात खसखस झाली. भोकाच्या तोंडाशी काटे हलले. आणि एक काळी पाठ... जमिनीलगत, हळूहळू आत येताना दिसली.

"बघा! आलं की नाही?" मी बोट रोखून जवळजवळ ओरडलेच. इतका आनंद झाला होता मला, काय सांगू.

मग त्या काळ्या पाठीपुढे एक टोपली सरकली. टोपलीत शिराळी आणि काकड्या. मागून दोन हात आले... बांगड्यांचे.

घोंगडी पांघरलेली एक म्हातारी बाई गुडघ्यांवर रांगत माझ्या शेतात आली, कमरेला हात लावून उठली आणि अंगावरचे काटे काढू लागली.

गार्ड हळूच म्हणाला, "मॅडम, हात खाली घ्या." माझं बोट तसंच रोखलेलं होतं तिच्यावर.

आजी वरच्या पाड्यावरच्या. सकाळची जीप पकडून मुरबाडला भाजी विकायला जातात. पाड्याची सडकेला जायची वाट कित्येक वर्षं ह्याच शेतातून. मी ती काट्यांनी बुजवली, म्हणून डुकरांनी भोक पाडल्यापासून त्या रोज त्यातून रांगत होत्या... सातबारावर नाव नाही, म्हणून त्यांना मी काही विचारलंच नव्हतं.

"काटं कोनी लावलं गो?" त्यांनी विचारलं.

"मी लावले."  आणि मग सगळं सांगून टाकलं. दिराचा बेत, काडतुसं, आजची पहाट... गार्डसमोर.

आजी आधी खो खो हसल्या. "मना डुक्कर समजलीस?" आणि मग टोपली डोक्यावर घेता घेता थांबल्या.  म्हणाल्या, "मंग तुजा कागद नाय झाला ता बरा झाला, बाय."

 गार्डनं मला चांगलंच झापलं, आणि ते ऐकून घेण्याचीच माझी लायकी होती.

अर्ज मी त्याच दिवशी मागे घेतला. दुपारी दिराला बोलावलं, दोघांनी मिळून काटे काढले आणि वाटेवर कवाडी बसवली.  डुकरं अजून येतात. येऊ देत. डबे वाजवू, राखणीला बसू, काय जाईल ते जाईल.

रोज पाच आठवडे ज्या खात्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या त्या ढिम्म कारभाराला आज हात जोडते. आणि नव्या जमिनीत पाय टाकणाऱ्यांनो... आधी तिथून कोण चालतं ते विचारा.

आज सकाळी मुद्दाम गेले होते. आजी कवाडीतून आल्या, टोपली डोक्यावर, सरळ उभ्यानं. माझ्या हातात एक काकडी ठेवली आणि जीप गाठायला झपाझप निघून गेल्या. मी बांधावर बसून भडाभडा रडले.